सात कार्डे आणि मोराची खूण

मी एक जुनी, लोखंडी, विणकामाची सुई आहे, मित्रांनो. माझ्यावर चार स्वेटर विणले गेले. पण माझ्या हातून झालेले मोठे काम निराळेच.

१९७९ साली शहरातल्या सदर भागात वामनराव वकिलांच्या कचेरीत प्रेमिला टायपिस्ट होती. पोलीस कोठडीत मेलेल्या सात जणांचे कागद तिथे आले होते. ठाणी वेगळी, गावे वेगळी. त्या ढिगाऱ्यातून वकिलांनाही काही उलगडेना. मग प्रेमिलाने प्रत्येकाचे एक जाड कार्ड केले आणि कडेने भोके पाडली. एकेक भोक एकेका गोष्टीचे किंवा माणसाचे. त्याचा त्या मृत्यूशी संबंध असला, की भोक कडेपर्यंत कापायचे. गठ्ठ्यात मला ओवून उचलले, की कापलेली कार्डे खाली पडत, बाकीची माझ्यावर लटकत.

एका दुपारी कळमेश्वरकडच्या मीराबाई आल्या. त्यांचा नत्थू त्या सातांतला.

"तुमाले वाचता येते. मले कसं समजंल, पोरी?" त्या म्हणाल्या.

प्रेमिला ओशाळली. तिने भोकांवर धरायची चित्रांची एक पट्टी केली. दोराचे चित्र, जीपचे चित्र, आणि पंचनाम्यावर सही करणाऱ्या प्रत्येक पंचाला एक खूण.

पुढच्या खेपेला मीराबाईंनी पट्टी प्रेमिलाने काढून दिलेल्या नत्थूच्या कार्डावर धरली. मोराखालचे भोक कापलेले होते.

"हा मोर कोन हाय?"

"चंपतराव. नत्थूने स्वतःच फास घेतला, अशा पंचनाम्यावर त्यांची सही आहे."

मीराबाईंनी सातही कार्डे जुळवली आणि मला मोराच्या भोकातून ओवून उचलले. एक कार्ड पडेल, असे मलाही वाटले होते. सातही पडली.

त्या कार्डांची भोके निरनिराळ्या दिवशी, कचेरीतल्या निरनिराळ्या लोकांनी कापली होती. मोराच्या भोकातून मला कोणी ओवलेच नव्हते. प्रेमिलाने पुन्हा ओवून पाहिले. मी पुन्हा रिकामीच वर आले.

"सात गावांना एकच पंच?" वामनराव खुर्चीतून उठलेच.

मीराबाई खाली बसल्या. "त्यानंच माह्या मेल्या पोराले घरी आनलं. तेरा दिवस येऊन बसत होता. माह्या हातचा चहा पेला त्यानं."

न्यायालयाने फेरचौकशी लावली. कोऱ्या कागदांवर सह्या केल्याचे चंपतरावाने कबूल केले. दोन मृत्यूंपायी दोन पोलीस तुरुंगात गेले. पाच घरांना मात्र काहीच उत्तर मिळाले नाही.

पुढे कचेरी बंद पडली. कार्डे ओल्या कपाटात राहिली आणि वाळवीने खाल्ली. नत्थूचेही गेले. मी लोखंडाची म्हणून उरले, एवढेच.

मित्रांनो, मेलेल्या माणसाचे नाव लिहाल, तेव्हा त्याच्या आईला ते शोधता येईल असे लिहा. आणि कोरड्या जागी ठेवा.