एका तबकडीतले दोन गायक

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू बहुधा जुन्या आणि दुःखी असतात. मी जुना आहे. दुःखी आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा. मी विजेवर चालणारा एक रेकॉर्ड प्लेअर आहे आणि अमळनेरच्या एका वाचनालयात, मागच्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याशेजारी, माझा मुक्काम असतो.

माझा जन्म परदेशातला. नेमका कुठला, ते सांगता येत नाही, कारण जन्मल्याबरोबर मला खोक्यात घालून वर भुसा भरला. गावातल्या एका तेलाच्या गिरणीत यंत्र बसवायला एक गोरे साहेब आले, त्यांच्याबरोबर मी आलो. साहेबांना ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, फार प्रिय. त्यातही टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष, गाऊ लागला की साहेब जेवायचे थांबत. यंत्र बसलं आणि साहेब निघाले. सामान जास्त झालं म्हणून त्यांनी मला आणि एका रेकॉर्डला वाचनालयाला भेट दिलं. वाचनालयाने आभाराचा ठराव मंजूर केला आणि मला सात वर्षं कपाटात ठेवलं.

१९८५ साली ते कपाट रंगवायला काढलं, तेव्हा मी सापडलो. लगेच एक ‘पाश्चात्त्य संगीत श्रवण मंडळ’ स्थापन झालं. सभासद सहा आणि पदं सात, त्यामुळे निवडणूक बिनविरोध झाली.

आमच्याकडे रेकॉर्ड एकच. ती एका बैठकीत संपवली तर उरलेला आठवडा करायचं काय, असा प्रश्न पहिल्याच सभेत निघाला. म्हणून पहिली बाजू रविवारी सकाळी आणि दुसरी बाजू गुरुवारी संध्याकाळी लावायची असं ठरलं. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर गायकाचं नाव होतं, पण गिरणीतून आलेल्या कागदाचं जे होतं ते त्याचंही झालं होतं. तेल पिऊन तो पारदर्शक झाला होता.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी मंडळातल्या कुणालाही ठाऊक नव्हती. दोन्ही बाजूंना गाणारा माणूस एकच होता.

पण वाचनालय गावाच्या टोकाला, आणि आमची वीज मळ्यांकडे जाणाऱ्या तारेवरची. रविवारी सकाळी मळ्यांचा पुरवठा बंद असे. मला भरपूर वीज मिळे, मी ऐटीत फिरे आणि गायकाचा आवाज सरळ छताला जाऊन लागे. गुरुवारी संध्याकाळी केळीच्या बागांतले सगळे पंप एकदम सुरू होत. दिवा लाल होई, माझ्या पायांतलं बळ जाई. मी रखडत फिरू लागलो की तोच आवाज खाली उतरून जाड, सुस्त आणि भारदस्त होई. मंडळाने यावरून काढायचा तो निष्कर्ष काढला. गायक दोन आहेत. रविवारचा तो ‘धाकटा’ आणि गुरुवारचा तो ‘थोरला’. दोघांचा आवाज कुठेतरी जुळतो हेही जाणकारांच्या लक्षात आलं होतं, म्हणून ते सख्खे भाऊ असावेत असं सर्वानुमते ठरलं.

मग दोन पक्ष पडले. पडणारच होते.

धाकट्याच्या पक्षाचे पुढारी शालिग्राम नाना. नानांनी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं नोकरी केली आणि त्या तीस वर्षांत मोठ्याने फक्त शिंक दिली. थोरल्याच्या पक्षाचे निंबाभाऊ. ते तेलाच्या गिरणीत फिटर होते. घाण्यांच्या धडधडाटाशेजारी त्यांचीही तीसच वर्षं गेली होती. दोघांची दोस्ती जुनी. संध्याकाळी एकाच बाकावर बसून एकाच पुडीतले शेंगदाणे खायचे. धाकटा आणि थोरला आल्यापासून पुड्या दोन झाल्या.

नानांचं म्हणणं, सूर असावा तर कांद्याच्या पातीसारखा, हिरवा आणि उभा. थोरला पोटभर जेवून गातो आणि मधेच त्याला डुलकी लागते. निंबाभाऊंचं म्हणणं, आवाजाला चुलीत भाजलेल्या वांग्यासारखा आतून धूर लागला पाहिजे. गाण्याच्या अर्थावरही त्यांचं पटेना. धाकट्याची प्रेयसी शेवटच्या घटका मोजते आहे, हे नानांना स्वच्छ कळत होतं. थोरल्याचा बैल हरवला आहे, याविषयी निंबाभाऊंना शंका नव्हती. गाण्यातली भाषा कुणालाच येत नसल्यामुळे वादाला अडथळा असा नव्हता.

“नाना, तुमना गडी किंचाळस,” निंबाभाऊ म्हणत. “मना गडी गास.”

मला बोलता येत नाही, मित्रांनो. माझ्या तोंडून जन्मभर दुसऱ्याचाच आवाज येतो. नाहीतर मी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं असतं. खरं तर तसं सांगितलंही नसतं. भांडणामुळे लोक वेळेवर येत आणि मला रोज पुसत.

पाचव्या वर्षी संकट आलं. वाचनालयाने गुरुवारची संध्याकाळ टायपिंगच्या वर्गाला दिली. मंडळाला फक्त रविवार उरला आणि तोही अर्धा तास. म्हणजे यापुढे एकच बाजू वाजणार. कोणती, ते ठरवायला शिंदखेड्याहून अभिमन सरांना बोलावलं. सर शाळेत प्रार्थना बसवत, त्यामुळे संगीतात त्यांचा अधिकार मोठा. येत्या रविवारी सकाळी दोन्ही बाजू ऐकायच्या आणि सर सांगतील ती ठेवायची. दुसरी कायमची बंद.

निंबाभाऊ आठवडाभर हसतमुख होते. समोरासमोर आल्यावर थोरला धाकट्याला खाऊन टाकील, अशी त्यांना खात्री होती. मला मात्र घाम फुटला. रविवारी सकाळी पंप बंद असतात.

त्या दिवशी निंबाभाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि द्रौपदाबाईंना, म्हणजे घरच्यांना, मुद्दाम बरोबर आणलं होतं. आपण दर गुरुवारी दोन तास कुठे जातो, ते त्यांना एकदा दाखवायचं होतं. पहिली बाजू झाली. धाकटा नेहमीसारखा छताला लागला. सरांनी मान हलवली. मग नानांनी स्वतःच्या हाताने रेकॉर्ड उलटली.

मी पूर्ण वेगाने फिरू लागलो. माझा इलाज नव्हता. आणि दुसऱ्या बाजूलाही धाकटाच गाऊ लागला.

सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. नानांचा कान सगळ्यांत तयार. चौथ्या ओळीला त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं, तो गरगर फिरत होता. मग माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे असं पाहत होतं.

निंबाभाऊ कानामागे हात धरून पुढे सरकत होते. सरकत सरकत ते माझ्या स्पीकरला टेकले, तरी त्यांना काही मिळेना. शेवटी ते मागे झाले. आवाज त्यांनी एरवीसारखा चढवला नाही.

“नाना,” ते म्हणाले, “मना गडी आज उना नही.”

थोरला आलाच नव्हता. कुणी हसलं नाही. अभिमन सर वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवू लागले.

द्रौपदाबाई पदर सावरत नानांना म्हणाल्या, “यासले घरमां कुकरनी शिटी ऐकू येत नही. दहा वरीस व्हई ग्यात. ट्रक ऐकू येस.”

त्या तक्रार करत नव्हत्या, नुसती माहिती देत होत्या. पण घाण्यांनी तीस वर्षांत निंबाभाऊंच्या कानातून काय काय नेलं होतं, ते त्या तीन वाक्यांत होतं. बारीक, उंच असं जे जे होतं ते गेलं होतं. पाच वर्षं ते रविवारी येत, नानांशेजारी बसत आणि ज्यातलं त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, त्याच्याशी भांडत.

नाना जिंकले होते. गायक एकच आहे एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. नानांनी सुई उचलली, पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवली आणि माझ्या फिरत्या थाळीच्या कडेला हळूच एक बोट टेकवलं.

मी अडखळलो. वेग उतरला. आवाज पायरी पायरीने खाली आला, जाड झाला, त्याला धूर लागला. नानांच्या बोटाचं पेर पांढरं पडलं होतं, पण त्यांनी दाब कमी-जास्त होऊ दिला नाही.

निंबाभाऊंनी डोळे मिटले. “उना,” ते म्हणाले.

“थोरल्यांना यायला जरा उशीर होतो,” नाना सरांना म्हणाले. पाच वर्षांत त्यांनी थोरल्याविषयी काढलेला हा पहिला बरा शब्द. सरांनी निकाल दिला की दोन्ही बंधू आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत, आणि चहा घेऊन ते एसटीला गेले.

तेव्हापासून त्याच अर्ध्या तासात दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या होऊ लागल्या. पहिली नाना ऐकत. दुसरीला नाना बोट धरून उभे राहत आणि निंबाभाऊ डोळे मिटून ऐकत. मिटलेलेच असत, असं मी धरून चालतो. असं नऊ वर्षं चाललं.

मित्रांनो, फिरत्या यंत्राला कधीही बोट लावू नये. मोटारीवर ताण येतो आणि आतलं रबर झिजतं. माझं तसंच झिजलं आणि आता मला कुठल्याच वेगाने फिरता येत नाही. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याची धूळ पुसा, त्याच्यावर झाकण ठेवा, पोरांना त्याच्यापासून लांब ठेवा. मात्र शेजारी कुणी कानामागे हात धरून बसलं असेल, तर यंत्राकडे पाहू नका. यंत्रं पुष्कळ मिळतात.