एल्डनच्या हाताखालची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात, एका घरात, दाराजवळच्या छत्र्यांमध्ये उभी असते. माझ्या एका टोकाला चामड्याची गुंडी आहे. ती कशासाठी, हे आता इथे दोनच माणसांना ठाऊक आहे.

माझा जन्म अमेरिकेत, ओहायोतल्या एका गावात झाला. चित्रकार एल्डनच्या वडिलांचा तिथे बिलियर्ड्सचा अड्डा होता. एका भांडणात खेळायची काठी मोडली, तिचा लांब तुकडा म्हणजे मी. एल्डनने माझ्या टोकाला कापूस लावला, वर मऊ चामडं बांधलं आणि मला कामाला जुंपलं. ओल्या चित्रावर हात टेकता येत नाही. म्हणून तो डाव्या हाताने मला चित्रासमोर आडवी धरायचा, गुंडी कडेला टेकवायचा आणि माझ्यावर उजवं मनगट ठेवून ब्रश चालवायचा.

अंड्याच्या बलकात रंग कालवून तो केसासारख्या बारीक रेघा ओढत असे. त्याच्या चित्रात सगळं खरं असायचं, एक गोष्ट सोडून. स्वयंपाकघर हुबेहूब, पण सिंकमध्ये समुद्राची भरती. बसस्टॉप हुबेहूब, पण रांगेत नुसत्या सावल्या. लोक आधी वाहवा करत, मग हळूच स्वतःच्या पाठीमागे बघत. ते बघून एल्डन खूश व्हायचा. माणसाच्या मनात थोडा संशय सोडला की चित्र पुरं झालं, असं तो म्हणे.

इंग्लिश बायकोबरोबर तो कॉव्हेंट्रीला आला. ती वारल्यावरही तो इथेच राहिला. ऐंशी उलटली आणि त्याचे दोन्ही हात थरथरू लागले. मी त्याच्या हातातून घरंगळून जमिनीवर पडायची आणि तो माझ्याकडे नुसता बघत बसायचा.

शेजारी मधुमतीबाई राहत. शाळेत केमिस्ट्री शिकवून त्या रिटायर झाल्या होत्या. त्याचं पार्सल द्यायला त्या आल्या, तेव्हा मी अशीच पडले होते. त्यांनी मला उचललं आणि चित्रासमोर घट्ट धरून ठेवलं. एल्डनने रुमालाने आपलं मनगट माझ्याशी बांधलं. रेघ सरळ आली.

मग त्या रोज दुपारी येऊ लागल्या, घरची अंडी आणून रंगही कालवून देऊ लागल्या. एल्डनने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की हे कोणाला कळता कामा नये. थरथरत्या हाताची चित्रं लोक कीव म्हणून बघतील, याची त्याला भीती होती.

इकडे त्यांचे यजमान शशिधर अस्वस्थ झाले. कारच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म बारीकसारीक दोष हुडकण्यात घालवला होता. बायकोच्या नखांत निळा रंग दिसे. फ्रिजमधली अंडी कमी होत. विचारायचं सोडून ते वरच्या खिडकीत उभे राहू लागले. एकदा कुंपण कापायच्या निमित्ताने त्यांनी डोकावलं, तर बायको म्हाताऱ्याच्या खांद्याशी खेटून उभी.

अशातच लंडनहून रोझलिंड आली. एल्डनची प्रदर्शनं तीच भरवत असे. तिने नवी चित्रं पाहिली, मग बशीत खडखडणारा एल्डनचा कप पाहिला आणि शेवटी मधुमतीबाईंची नखं पाहिली. तिचा आवाज चढला, तसे शशिधरही मागच्या दारातून आत आले.

"ही चित्रं कोणी काढली?" रोझलिंडने विचारलं.

मधुमतीबाईंनी एल्डनकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "मी नाही काढली. याहून जास्त मला सांगता येणार नाही."

चित्रं दुसऱ्याचीच आहेत असं धरून रोझलिंडने प्रदर्शन रद्द करते म्हणून सांगितलं. वकिलाचं नावही काढलं. शशिधर बायकोच्या शेजारी न जाता दारातच थांबले. मी भिंतीला टेकून सगळं ऐकत होते, पण काठीला बोलता कुठे येतं?

तेव्हा एल्डन उठला. त्याने एकट्याने ब्रश उचलला आणि पुऱ्या होत आलेल्या चित्रावर टेकवला. हात उडाला. निळ्या आभाळात तांबडा फराटा उमटला. सहा महिन्यांचं काम त्याने सगळ्यांदेखत बिघडवलं.

"मधुमती, काठी धरता का?" तो म्हणाला.

त्यांनी मला धरलं. त्याने मनगट बांधलं आणि त्या फराट्याच्या शेजारीच केसाएवढी रेघ ओढली. रोझलिंड खुर्चीत बसली. तिने माफी मागितली, ती मात्र फार हळू आवाजात.

घरी जाताना मी मधुमतीबाईंच्या हातातच राहिले होते, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानी आलं.

"मला तरी सांगायचं होतंस," शशिधर म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठे? नुसती नजर ठेवलीत. विचारलं असतंत, तर प्रॉमिस केलंय, एवढं तरी नक्की सांगितलं असतं."

प्रदर्शन झालं. चित्रं खरंच एल्डननेच काढली का, हा काही लोकांचा संशय मात्र गेला नाही तो नाहीच. गेल्या हिवाळ्यात एल्डन वारला आणि जाण्याआधी मला मधुमतीबाईंच्या स्वाधीन करून गेला. आता फोडणीचा धूर होऊन स्मोक अलार्म बोंबलला, की शशिधर माझ्या टोकाने त्याचं बटण दाबतात. माझं चामडं वाळून कडक झालंय, गुंडीचा दोरा सुटत चाललाय.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला अधूनमधून तेलाचा हात लावलात तरी पुष्कळ आहे. माणसाला मात्र तेवढं पुरत नाही. आपल्या माणसाबद्दल मनात किंतु आला, तर खिडकीआड उभे राहू नका. शेजारी जाऊन बसा आणि विचारा.