मशिदीच्या खाली

इतिहास माणसाला सुखानं झोपू देत नाही. श्यामकांतला तर तो दुपारीही झोपू देईना, आणि दुपारची झोप हा त्याचा एकमेव छंद होता.

दर्यापूरहून येऊन त्यानं आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, जुन्या परकोटाच्या आत घर घेतलं, ते नेमकं मशिदीला पाठ लावून. मशीद कित्येक शतकांची. दोन्हींची भिंत एकच. त्यात आमचं रायपूर नुकतंच राजधानी झालेलं, रस्ते रुंद करायला घरं पाडत होते. मोजायची टेप घेतलेला कोणीही दिसला, की आम्ही आपापलं घर डोळ्यांनीच कुरवाळून घ्यायचो.

"काका, माझं घर जाते," एका दुपारी तो येऊन म्हणाला.

"कुठं?"

"मजाक नका करू. एक चष्मेवाला मशिदीच्या आंगणात हातोडीनं ठोकून पाहून राहिला. मी भिंतीले कान लावला. तो म्हणे, खाली है, पक्का खाली है."

"मग?"

"म्हंजे खाली कायतरी आहे. आता खोदतीन. खोदलं का माझी भिंत गेली."

"खाली काय असेल?"

"ते मले काय माहीत? सरकारले माहीत असन. म्हणून तर हातोडी लहान पाठवली, कोणाले शक नको याले."

या तर्कापुढे मी चपला घातल्या.

मशिदीची व्यवस्था पाहणारे मुनव्वरभाई दारातच उभे होते. आमच्याकडे असे पाहत होते, जणू टेप आमच्याच खिशात होती.

"भैया, खाली काय निघालं?" श्यामकांतनं थेट विचारलं.

"खाली निकला," ते सावधपणे म्हणाले. "आपको किसने बताया?"

"पण निघालं काय?"

"कुछ नहीं. खाली."

"पाहा," श्यामकांत माझ्या कानात कुजबुजला, "लपवून राहिले."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीतलं खाली म्हणजे रिकामं. मुनव्वरभाईंना विचारलं, तर चष्मेवाला साधा मिस्त्री निघाला. अंगणातल्या हौदाच्या फरशीखालची माती वाहून गेली होती आणि पाणी मुरत होतं. काही खोदायचं नव्हतं, उलट भरायचं होतं.

मी दोघांना दोन भाषांत समजावलं.

"म्हंजे माझं घर राहते?" श्यामकांतनं विचारलं.

"रहेगा," मुनव्वरभाई म्हणाले. "हम तो समझे, आप टेप लेकर मस्जिद नापने आए हैं."

मग मुनव्वरभाईंनी घसा खाकरला. "एक बात थी."

श्यामकांतनं दाराची चौकट घट्ट धरली.

"हौद बनने तक आपके नल से पाइप डाल लें? वजू के लिए, हाथ-पैर धोने को."