रंगरावचा चष्मा

सोफ्याच्या कारखान्यात सगळे त्याला रंगराव म्हणत. एका दंतवैद्याच्या सोफ्याला त्यानं एक गादी तपकिरी आणि दुसरी हिरवी चढवली होती आणि वर स्वतः जाऊन बसवूनही आला होता. दंतवैद्याला ती नवी फॅशन वाटली, हे नशीब. तेव्हापासून त्याचा भागीदार कापडाच्या ताग्यांवर खडूनं रंगाचं नाव लिहून ठेवी आणि रंगराव ते हसण्यावारी नेई. जन्मापासून त्याला लाल आणि हिरवा दोन्ही मातकटच दिसत. जे कधी पाहिलंच नाही त्याचं दुःख करायचं तरी कसं?

चष्म्याचं खूळ काढलं मेहुण्यानं. त्याचं चष्म्याचंच दुकान होतं आणि अशा लोकांसाठी खास काचा येतात हे त्याला ठाऊक होतं.

"दाजी, हा काही इलाज नाही हं," तो आधीच म्हणाला. "या काचा लाल आणि हिरव्याच्या मधला थोडा उजेड अडवतात, म्हणून ते दोन्ही जरा वेगवेगळे उठून दिसतात. कुणाला फरक पडतो, कुणाला अजिबात नाही. घालून तर बघा."

बायकोला मात्र हे पसंत नव्हतं. "कशाला नसती भानगड? इतकी वर्षं काही अडलंय का?" असं ती दोनदा म्हणाली. तिला खर्चाची धास्ती असेल, अशी रंगरावनं समजूत करून घेतली.

ती शाळेत गाणं शिकवायची. गेल्या वर्षी तिच्या घशातली गाठ काढली. बोलण्यात फरक पडला नाही, पण वरचे सूर गेले ते गेलेच. शाळेनं तिला ग्रंथालयात बसवलं. "सुंठेवाचून खोकला गेला," ती तेव्हा म्हणाली होती. "वर्गभर पोरांच्या बेसुरातून सुटले एकदाची." बायकोला नवं काम मानवलं, असं रंगराव चारचौघांत सांगायचासुद्धा.

चष्मा घालून तो दुकानाबाहेर पडला. आभाळ कोसळलं नाही की डोळ्यांना धारा लागल्या नाहीत. सगळं जरा गुलाबी, जरा काळपट दिसत होतं. पण समोरच्या घराचं कौलारू छप्पर झाडाआडून एकदम वेगळं निघालं. भाजीच्या गाड्यावरचे टोमॅटो पानांतून उचलून ठेवल्यासारखे दिसले. एका म्हाताऱ्याचे कान लाल होते. माणसाचे कान असे लाल होतात, हे त्याला ऐकूनच माहीत होतं. तो त्या कानांकडे इतका वेळ बघत राहिला, की म्हातारा रागावून दुसऱ्या फुटपाथवर गेला.

घरी बायकोनं दार उघडलं. तिच्या पापण्यांच्या कडा आणि नाकाचा शेंडा लाल होता. रंगरावनं चष्मा काढला, तर रोजचाच चेहरा. पुन्हा घातला, तर पुन्हा लाल.

"डोळे आलेत का तुझे?" त्यानं विचारलं.

ती म्हणाली, "काढ तो चष्मा."

त्यानं काढला. ती आत जाऊन खुर्चीवर बसली. तोही समोर बसला.

"कधीपासून रडतेस?"

"वर्ष होईल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू गप्प बसला असतास? हा डॉक्टर, तो डॉक्टर, गरम पाणी..." ती थांबली. "ताईकडे गेले की ती दारातच ओळखते. शेजारीण ओळखते. मग काय झालं, काय झालं. तुझ्यासमोर तेवढं तोंड धुवून आलं की भागायचं. ज्याला दिसत नाही असं एक माणूस घरात होतं. त्याचा मला फार आधार होता रे."

रंगरावच्या मनाला ते लागलं. वर्षभर आपण हिच्याशेजारी जेवलो, झोपलो आणि आपल्याला पत्ता नाही. पण ती खोटं बोलत नव्हती, हेही त्याला दिसत होतं. डॉक्टरांच्या बाबतीत तर ती शंभर टक्के बरोबर होती.

"घरात नाही घालत मी तो," तो म्हणाला.

"नको घालूस. थोडे दिवस तरी."

तेव्हापासून तो चष्मा कारखान्यातच ठेवू लागला. पण कळलेलं थोडंच काढून ठेवता येतं? पहिल्या संध्याकाळी दहा वेळा त्याच्या तोंडाशी प्रश्न आला आणि दहाही वेळा त्यानं तो गिळला. पुढच्या आठवड्यात एकदा ती न्हाणीघरातून तोंड न धुताच बाहेर आली आणि त्याच्याजवळ बसली.

"गाण्याच्या नव्या बाई माझीच चाल शिकवतायत," ती म्हणाली. "ग्रंथालयात सगळं ऐकू येतं. पट्टी चुकलीय, फार वरची धरलीय. पोरं किंचाळतात नुसती."

"म्हणजे कशी?"

तिनं गुणगुणून दाखवलं. वरच्या सुराला आवाज फाटला. तिनं रंगरावकडे पाहिलं. तो डॉक्टरचं नाव घेणार होता, पण जीभ चावून म्हणाला, "मग खालून धरायला सांग ना त्यांना."

दोन दिवस विचार करून तिनं सांगितलं. नव्या बाईंना राग आला नाही; उलट तालमीला येऊन बसता का, असं त्यांनी विचारलं. शनिवारी ती गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते की नव्हते, हे कळायला रंगरावला मार्ग नव्हता.

"कशी झाली तालीम?" त्यानं विचारलं.

ती चप्पल न काढताच दारात सांगत उभी राहिली.