पुल्लाचं जेवण आणि सुलोची गोळी

उंदीर तुम्ही फेकलेत. हे आधी कबूल करा, मग बाकीचं बोलू.

बोटाच्या पेराएवढे, गुलाबी, डोळेही न उघडलेले, मेलेले आणि गोठवलेले उंदीर. दोन पिशव्यांत बांधलेले, पिशव्या डब्यात, डब्यावर चिकटपट्टी. एइलाने ते फ्रीझरच्या तळाशी, आइस्क्रीमपासून लांब ठेवले होते. तुमच्यापैकी कुणीतरी चिकटपट्टी सोडवून आत बघितलं, किंचाळलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणघराच्या दारावर नियम लागला: सामायिक फ्रीझरमध्ये प्राण्यांची प्रेतं ठेवू नयेत. त्याच फ्रीझरमध्ये अख्खी टर्की कोंबडी पडली होती. ती काय झोपली होती?

मी हेल्वी, एइलाच्या शेजारच्या खोलीतली. या म्हाताऱ्यांच्या घरात आम्ही दोघी एकाच शरद ऋतूत आलो. ती येताना काचेची पेटी घेऊन आली आणि पेटीत पुल्ला होती. पुल्ला म्हणजे आमचा वेलदोड्याचा गोड पाव. तसंच वेटोळं करून बसते म्हणून तेच नाव. बिनविषारी गार्टर साप, पाठीवर तीन पिवळ्या रेघा, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, एइलाच्याच घरात जन्मलेली. तुमच्या नियमात लिहिलं होतं, काचेत राहणारा प्राणी चालेल. लिहिताना तुमच्या डोक्यात सोनमासा असणार. आमचा काय दोष?

डबा गेल्यावर एइला चालण्याची चौकट ढकलत तुमच्या काचेच्या ऑफिसात आली. मी सोबत होते, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

"मग तिला खायला काय घालू?" तिने विचारलं.

"मासे घाला की. मासा अन्न आहे, त्याला हरकत नाही."

"गांडुळं ठेवली तर? मोठी असतात, गळाला लावायची. मी धुऊन ठेवते. खतातली लाल आणणार नाही, ती सापाला बाधतात."

"मातीतली वस्तू फ्रीजमध्ये? नाही. मासे."

तर मासे. आणि मासे म्हटल्यावर आमच्या या सरोवराच्या किनाऱ्यावर कुणाच्या डोक्यात दुसरं काय येणार? स्मेल्ट. एप्रिलमध्ये बर्फ फुटला की नदीच्या मुखाशी गुडघाभर पाण्यात उभं राहून जाळीने बादल्या भरायच्या. पहिल्यांदा आलेल्याने पहिल्या माशाचं डोकं दातांनी तोडून थुंकायचं, तरच तो आपला. मी थुंकलं, एइलाने थुंकलं. पलीकडच्या खोलीतला सुलो, आडनाव केतोला, ते डोकं गिळून बसला आणि अजून त्याची फुशारकी मारतो. त्या बोटभर चंदेरी माशांवर वाढलेली माणसं आम्ही. स्मेल्टवर संशय घ्यायचा म्हणजे सख्ख्या आईवर घ्यायचा. तुमच्या फ्रीझरमध्ये शुक्रवारच्या तळणीसाठी पोतं भरून होतेच. एइला आधीही पुल्लाला एखादा घालायची, उंदरांच्या जोडीला, चवीपुरता. आता दुसरं काहीच नव्हतं. आठवड्यामागून आठवडा, नुसते कच्चे स्मेल्ट.

मग फेब्रुवारीत फ्लू आला आणि तुम्ही दारं लावलीत. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. नातवंडं खिडकीबाहेर बर्फात उभी राहून हात हलवायची आणि आम्ही काचेला नाक लावून बघायचो. एइला म्हणाली, "हेल्वी, आता कळतंय पुल्लाला कसं वाटत असेल."

"तिला तरी गरम दिवा आहे," मी म्हटलं. "आपल्याला तोही नाही."

त्याच दिवसांत पुल्लाचं डोकं वाकडं झालं. आधी थोडं, कुणीतरी वरून हाक मारल्यासारखं. मग ती छताकडे तोंड करून राहू लागली. मग एका दुपारी ती पाठीवर पडली, पोट वर, आणि तिला उलटता येईना. अंगाला पीळ बसत होता, कापड पिळल्यासारखा. एइलाने तिला हातात घेऊन सरळ केलं, ती पुन्हा उलटी.

सुलो दारातून डोकावला. "काय गं, पोरगी नाचते वाटतं?"

"गप बस, सुलो," एइला म्हणाली. तिचा आवाज ऐकून तो खरंच गप बसला. तो गप बसलेला मी पहिल्यांदा बघितला.

मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला, "खाते काय?"

"स्मेल्ट."

"कच्चे? किती दिवस?"

"ऑक्टोबरपासून."

मग त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. कच्च्या स्मेल्टमध्ये असं काहीतरी असतं की ते अंगातलं बी-वन जीवनसत्त्व खाऊन टाकतं. आपण तळून खातो म्हणून आपल्याला काही होत नाही. सापाला कच्चा देतो, रोजचा देतो, तेव्हा मेंदूच सुकतो. गांडुळं आणि उंदराची पिल्लं हेच तिचं खरं जेवण. मासाच द्यायचा तर ट्राउट नाहीतर सॅमन. "उद्या घेऊन या, सुई देते," त्या म्हणाल्या.

"दार बंद आहे."

"मग बी-वनची गोळी मिळवा. कणभर चुरा पाण्यात, थेंबाथेंबाने तोंडात. दुसरा मासा नसेल तर तोच उकळा, पाच मिनिटं खळखळ, म्हणजे ते मरतं. पण गोळी हवीच. आणि उशीर नको, आणखी आठवडा गेला तर ती हातची जाईल."

मी तुमच्या काचेशी आले. आठवतंय ना? मी म्हटलं, औषधाच्या दुकानातून एक बाटली दारात ठेवायला सांगते, तुम्ही फक्त आत घ्या.

"रहिवाशांना बाहेरची औषधं घेता येत नाहीत."

"माझ्यासाठी नाही. सापासाठी."

तुम्ही हसलात. मग हसू आवरून म्हणालात, "हेल्वीबाई, इथे माणसं आजारी आहेत. इतकाच त्रास होत असेल तर त्याला बाहेर सोडून द्या, निसर्गात."

बाहेर उणे तीस होतं. सरोवरावरून वारा सुटला की थुंकी खाली पडेपर्यंत गोठते. त्या निसर्गातले सगळे गार्टर तेव्हा जमिनीखाली, खडकाच्या भेगांत एकमेकांना बिलगून निजलेले असतात. तुम्ही तिला मारायला सांगितलंत, फक्त शब्द गोड वापरलात.

परत आले तर सुलो एइलाच्या खुर्चीत बसलेला. मी सगळं सांगितलं. तो हनुवटी खाजवत राहिला. "बी-वन? ती पांढरी, वास मारणारी?"

"तुला काय माहीत?"

"अगं बाई, मी तीस वर्षं दारू प्यायलो. ती गोळी मला इथे आल्यापासून रोज सकाळी देतात. म्हणे माझा मेंदू वाचवायला. आता एवढ्या उशिरा काय वाचणार त्यात!" तो एइलाकडे वळला. "तुझ्या पोरीचा वाचव."

"नर्स तोंड उघडून बघते ना," एइला म्हणाली.

सुलोने वरची कवळी सुटी करून टाळूशी खणखण वाजवली. "हिच्या वर बघत नाही."

दुसऱ्या दिवशी नर्स शेल्बीने नेहमीसारखं त्याला गोळी आणि पाणी दिलं. "तोंड उघडा, सुलो. जीभ वर. शाब्बास."

"शाब्बास म्हणतेस तर एक मुकाही दे," सुलो म्हणाला.

"चला, पुढे व्हा."

तो पुढे झाला तो थेट एइलाच्या खोलीत. गोळी ओली, थोडी विरघळलेली, पण होती. मी चमच्याच्या पाठीने चुरा केला. एइलाने डोळ्यांच्या औषधाचा ड्रॉपर धुऊन घेतला. पुल्ला टॉवेलवर उताणी पडलेली, जीभही बाहेर काढत नव्हती. एइलाने नखाने तिचा जबडा हलकेच उघडला आणि एक थेंब टाकला. वाट बघितली. दुसरा थेंब.

"गिळ गं," सुलो पुटपुटला. "मी डोकं गिळलं होतं, तू एवढंसं पाणी गिळ."

मासा आम्ही एइलाच्या कॉफीच्या किटलीत उकळला. त्या दिवसापासून तिच्या खोलीतली कॉफी स्मेल्टची झाली, अजून आहे. रोज गोळी, रोज थेंब, रोज किटली. दाराला कान लावून एकीने बसायचं आणि शेल्बीच्या बुटांचा आवाज आला की टॉवेल टाकायचा. आपल्याच घरात चोरासारखं. औषध भिंतीपलीकडे कपाटात बाटल्या भरभरून होतं आणि आम्ही एका म्हाताऱ्याच्या टाळूतून काढत होतो.

एके दिवशी पुल्ला आपली आपण उलटली. पोट खाली, रेघा वर. डोकं अजून थोडं तिरकं, पण जीभ बाहेर आली आणि उकळलेल्या माशाच्या तुकड्याकडे वळली. घेतला तिने. एइलाने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठला.

दुसऱ्या सकाळी सुलोला राहवेना. शेल्बी समोर असतानाच तो हसायला लागला, मोठ्याने, उगाचच, आणि कवळी निसटली. गोळी जमिनीवर पडली आणि घरंगळत तिच्या बुटापाशी थांबली.

शेल्बीने ती उचलली. "किती दिवस, सुलो?"

"पोरगी बरी झाली," तो म्हणाला.

"कोण पोरगी?"

"पुल्ला."

शेल्बीला आम्ही सगळं सांगितलं. ती वाईट नाही. डोळे पुसत म्हणाली, "मला वर कळवावंच लागेल. नाही कळवलं तर माझी नोकरी जाईल." तिने खरं तेच कळवलं असणार. तुम्ही त्याचं काय केलंत? लिहिलंत, रहिवासी औषध लपवतो, सापाला मुलगी म्हणतो. त्याच दुपारी सुलोला वरच्या मजल्यावर नेलंत. भान हरपलेल्यांच्या त्या मजल्यावर, जिथे दाराला आकड्यांचं कुलूप आहे आणि आकडे आत राहणाऱ्यांना सांगत नाहीत. जाताना तो जिन्यापाशी ओरडला, "एइला, किटली विसरू नकोस!"

मार्चच्या शेवटी फ्लू संपला, तुम्ही दारं उघडलीत, केक वाटलात. माझ्या पुतणीने गांडुळं आणली. ती एइलाच्या खिडकीत एका कुंडीत आहेत, तुमच्या फ्रीजमध्ये नाहीत. पुल्ला रोज थोडी सरळ होते. आणि सुलो अजून वरच. आम्ही भेटायला गेलो की तो आतल्या बाजूने काचेला तळहात लावतो. मागच्या वेळी त्याने कवळी काढून दाखवली. तिच्या वर आता गोळी नव्हती. एइला हसली नाही.

आता बर्फ फुटलाय. नदीच्या मुखाशी जाळी निघाली आहेत. सुलोचे गमबूट अजून त्याच्या खालच्या खोलीच्या दाराशी आहेत, तुम्ही ते हलवायलाही विसरलात.

सुलोचं डोकं फिरलं नव्हतं. तुमच्या नियमाने जे मरायला टाकलं होतं ते त्याने स्वतःचं औषध देऊन जगवलं. मला "प्रकरण विचाराधीन आहे" असलं काही ऐकायचं नाही. समोर या आणि सांगा: त्या दाराचे आकडे कोणते, आणि सुलो केतोला खाली कुठल्या दिवशी येणार?