निळ्या उजेडावरची काळी पट्टी

आमच्या प्रयोगशाळेतला उंदीर म्हणजे गरीब गाय. पण त्याच्या मेंदूतल्या एका ठिपक्याएवढ्या जागी काचेच्या बारीक तारेतून निळा उजेड सोडला, की तो शिकारी होतो. समोर किडा असो की बाटलीचं झाकण, झडप घालून चावतो. उजेड बंद केला की झाकण टाकून मिशा साफ करत बसतो. पाहुण्यांना हे दाखवताना माझी मान जरा जास्तच ताठ असायची.

उजेड उंदराच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तारेच्या जोडावर काळी पट्टी लावायची, ही माझीच शक्कल. त्यामुळे उजेड चालू आहे की बंद, हे बाहेरून कळत नाही. त्या दिवशी चहाची हाक आली आणि मी तो चालूच ठेवून उठले.

पिंजरा बदलायला प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणारे काका आले. तीस वर्षं हे काम केलं, पण एकदाही चावून घेतलं नाही, याचा त्यांना कोण अभिमान! तार सोडवायला त्यांनी हात घातला आणि उंदराने बोट फोडलं.

आरडाओरडा ऐकून मी धावत आले. सगळे काकांच्या रक्ताकडे बघत होते. मी पायानेच टेबलाखालचं बटण दाबून उजेड बंद केला.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "काका, हल्ली हात थरथरतो का तुमचा?"

"नाही हो." काकांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हीच सांगा. उंदराचं काही बिघडलं होतं का?"

'मी विसरले' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण मी म्हणाले, "नाही काका. उंदीर ठीक आहे." तो तेव्हा शांतपणे मिशा साफ करत होता.

"उद्यापासून तुम्ही पिंजरे धुवायला. प्राण्यांना हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी धुण्याच्या खोलीत गेले, ते सगळं सांगायचंच असं ठरवून. काका पट्टी बांधलेलं बोट वर धरून एका हाताने पिंजरा घासत होते. मला बघून हसले.

"जाऊ द्या ताई, वय झालं माझं. बरं झालं, तुमचं बोट वाचलं."

"हो," मी म्हणाले, आणि परत फिरले. काकांना चावताना उंदराला निदान कोणीतरी तार लावली होती; मला तर कोणीच नाही.