एका नंबरची दोन घरं

बाकावर नऊ पंप होते. आठांवर ‘तपासला’ अशी हिरवी पट्टी होती, नवव्यावर अजून नव्हती. भाचीने पहिल्या पंपाची पट्टी नखाने सोलायला घेतली.

मामा दारातून बघत होता. कारखाना त्याचा, पंपातला प्रोग्रामही त्यानेच लिहिलेला. शिरेतून औषध सोडणारे हे पंप न्यायला दुपारी हॉस्पिटलची गाडी यायची होती.

"हे काय चाललंय?"

"पट्ट्या काढतेय. हे जाणार नाहीत."

मामा हसला. हाच कोड बारा वर्षं चाललाय, तेव्हा तुझा शेंबूड मी पुसत होतो, म्हणाला. चालला हे तिलाही मान्य होतं. पण या खेपेला चिप नवीन होती.

"जुन्या चिपमध्ये मेमरीची एकच गल्ली होती, मामा. हिच्यात दोन आहेत, कायमची फ्लॅश आणि वीज गेली की पुसली जाणारी रॅम. चाळीस नंबरचं घर दोन्हीकडे आहे. वेगाचा तक्ता फ्लॅशमध्ये ठेवलायस आणि पत्ता शोधणारा तुझा पॉइंटर दार वाजवतो रॅममधलं."

"मग आठ पंप पास कसे झाले?"

इथल्या पद्धतीमुळे, ती म्हणाली. चाचणीचा प्रोग्राम तोच तक्ता रॅममध्ये त्याच पत्त्यावर उतरवतो, आणि पंप बंद न करताच आपण खरा प्रोग्राम चढवतो. वीज आहे तोवर आकडे जागेवर राहतात. एकदा बंद करून चालू केला, की त्या घरात कोण राहायला येईल ते सांगता येत नाही.

"पट्ट्या लाव. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येणार. पण पट्टी मी लावणार नाही, आणि तुलाही लावू देणार नाही."

तिने मोजनळी त्याच्यापुढे सरकवली आणि हाताची घडी घालून बाकाला टेकून उभी राहिली.

मामाने पहिल्या पंपाची विजेची वायर उपटली आणि जेवायला निघून गेला. परत आल्यावर त्याने वायर जोडली, वेग ताशी पाच मिलिलिटर लावला, नळीचं टोक मोजनळीत सोडलं आणि खुर्ची ओढून बसला. मध्ये बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कोणीच उठलं नाही.

तास भरल्यावर मामा वाकला. चष्मा कपाळावर चढवून त्याने पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत घेतली. एकदा वाचली, मग पुन्हा वाचली.

मोजनळीत साडेएकोणतीस मिलिलिटर पाणी होतं.